पाळी आणि प्रकृती – भाग ६ : वजनकाट्याच्या पलीकडे

‘आधी दहा किलो उतरव, मग बघू.’ पीसीओएसचं (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम) निदान झालेल्या कितीतरी मुलींना हे ऐकावं लागतं. अंगाने बारीक असलेल्या मुलीला उलटं विचारतात, ‘तुला कसा काय झाला?’ दोन्हीकडे काटाच प्रमाण. या आजारात ही समजूत फार महागात पडते.

मागच्या भागात पाहिलं की शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की स्वादुपिंड ते जास्तच तयार करतं. हे जादा इन्सुलिन बीजकोशातलं टेस्टोस्टेरॉन वाढवतं. हनुवटीवरचे राठ केस, लांबत जाणारी पाळी यांची मुळं बऱ्याचदा इथे असतात. आणि हा बिघाड बारीक अंगातही असू शकतो.

२००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचाच शेजारी शेजारी उभं राहून काढलेला फोटो छापला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२. तो फोटो पीसीओएसबद्दल नव्हता, पण आपल्याकडच्या प्रत्येक मुलीला तो दाखवावा असं मला वाटतं. आपल्या अंगात चरबी लपून बसते आणि स्नायू कमी पडतात.

म्हणून भर स्नायूंवर द्यायचा. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायूच उचलतात, आणि काम करणारा स्नायू इन्सुलिनवाचूनही साखर आत ओढतो. पीसीओएसबद्दलची २०२३ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चालण्यासारखा व्यायाम सांगतात. त्याच्या जोडीला, मध्ये खाडा ठेवून दोन दिवस ताकदीचा व्यायाम. आपल्याकडे चालणं होतं, ताकदीचं राहून जातं.

त्यासाठी जिम लागत नाही. खुर्चीच्या पुढच्या कडेवर बसा, पावलांमध्ये खांद्यांइतकं अंतर ठेवा, हात छातीशी घ्या आणि कशाचाही आधार न घेता उठा. बसताना धपकन बसू नका, सावकाश टेका; खरं काम तिथेच होतं. असं दहा वेळा, थोडं थांबून पुन्हा दहा. सोपं वाटू लागलं की पाच किलो पिठाची पिशवी छातीशी धरा. गुडघे दुखत असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

आहाराचं थोडक्यात: अमुकच डाएट सरस, असं सिद्ध झालेलं नाही. पोळी-भात सोडू नका. ताटात मटकीची उसळ, अंडं, दही, घट्ट वरण वाढवा. उपवासाच्या खिचडीतला साबुदाणा मात्र जवळजवळ निव्वळ पिष्ट असतो, त्या खिचडीला हलकं खाणं समजू नका.

वजन खरोखरच जास्त असेल तर पाच ते दहा टक्के उतरलं तरी पुष्कळ फायदा होतो. म्हणजे सत्तर किलोला साडेतीन ते सात किलो. पण काटा हलला नाही म्हणून व्यायाम सोडू नका. इन्सुलिनचं काम त्याआधीच सुधारू लागतं.

दोन गोष्टी सांभाळा. तीन महिने पाळी आली नाही तर व्यायामाच्या भरवशावर थांबू नका. गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहतं, त्यावर औषध लागतं. आणि बीज पाळीच्या आधी सुटतं, त्यामुळे बंद असलेली पाळी परत येण्याआधीच दिवस राहू शकतात. मूल नको असेल तर गर्भनिरोधक साधन वापरायलाच हवं.

पुढच्या आठवड्यात : मेटफॉर्मिन कुणाला, कशासाठी?