चिलिका सरोवराचे संवर्धन
चिलिका हे ओडिशा राज्यातील पुरी, खोर्धा व गंजाम जिल्ह्यांत पसरलेले निमखाऱ्या पाण्याचे सरोवर (खारकच्छ) आहे. हिवाळ्यात येथे लाखो स्थलांतरित पाणपक्षी येतात. सरोवरातील नलबन बेट हे पक्षी अभयारण्य आहे. १९८१ मध्ये चिलिकाला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. नद्यांच्या गाळामुळे समुद्राशी असलेला संपर्क आक्रसला, खारेपणा घटला, पाणवनस्पती माजल्या आणि मासळी रोडावली. परिणामी १९९३ मध्ये रामसर कराराच्या धोकाग्रस्त स्थळांच्या यादीत त्याचा समावेश झाला. चिलिका विकास प्राधिकरणाने २००० मध्ये समुद्राकडे नवे मुख खोदल्यावर भरतीचे पाणी पुन्हा आत येऊ लागले व मासळी वाढली. २००२ मध्ये सरोवर या यादीतून वगळण्यात आले. गाळ मात्र येतच असल्याने मुख खुले राखणे व पाणलोट क्षेत्रातील धूप रोखणे आवश्यक ठरते.