आंधळगावचा कोसा आणि कॉलेजची इंटर्नशिप

इंटर्नशिप म्हणजे नागपूर-पुण्याची कंपनीच, हा समज मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावात तरी टिकू नये. इथे हातमागावर कोसा रेशीम विणलं जातं. बी.कॉम.च्या विद्यार्थ्याने सुताचा भाव, विणकराची मजुरी आणि दुकानातली किंमत एका वहीत मांडली, तरी परिव्यय लेखांकन पुस्तकाबाहेर कळतं. यूजीसीच्या हिशेबाने इंटर्नशिपच्या १ क्रेडिटला ३० तास, म्हणजे ४ क्रेडिटना १२० तास. एवढं काम मागावर नक्कीच आहे. ‘पण विणकराचा दाखला कोण मानणार?’ हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच कामाचं स्वरूप प्राध्यापकांकडून आधी लेखी मंजूर करून घ्यावं. विद्यावेतनाचं काय? २०२४मधल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत दरमहा ५,००० रुपये होते, पण पूर्णवेळ विद्यार्थी त्यातून वगळलेले. अशा वेळी गावातच राहून वाचणारं खोलीभाडं ही मोठी रक्कम ठरते.