उतरत्या आंकड्यांची इंग्रजी भाषा

प्रकृति, मिळकत, बाजारभाव, व्याज यांपैकीं कांहीं ना कांहीं प्रत्येक घरांत वाढत किंवा घटत असतेंच. वाढल्याचें वर्तमान मनुष्य आनंदानें ऐकतो व फारसें तपासीत नाहीं. घटल्याचें वर्तमान मात्र नेमकें हवें असतें : कितीनें घटलें, कोठवर घटलें, केव्हांपासून घटलें ? आणि हें वर्तमान आज घरांत येतें तें बहुधा इंग्रजींतून. बँकेचें पत्र इंग्रजींत, डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजींत. परदेशीं विद्यापीठांत जाऊं इच्छिणारीं मुलें ‘आयेल्ट्स’ नांवाची परीक्षा देतात, तिच्या लेखनाच्या पहिल्याच प्रश्नांत बहुधा आलेख किंवा कोष्टक पुढें ठेवून त्याचें वर्णन निदान १५० शब्दांत मागतात. म्हणून घट सांगण्याची इंग्रजी रीत काय आहे, याचा थोडा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या कामीं इंग्रजींत तीन लहान शब्द येतात : ‘फ्रॉम’, ‘टू’ आणि ‘बाय’. ज्यांस संस्कृत विभक्तींचा परिचय आहे त्यांस ते अवघड वाटण्याचें कारण नाहीं. ‘फ्रॉम’ ही पंचमी होय. जेथून वस्तु ढळली तें स्थान, म्हणजे अपादान, ती दाखविते. ‘टू’ हा शब्द ती कोठें येऊन थांबली तें सांगतो. ‘बाय’ ही तृतीया. ती ढळण्याचें माप देते. पाणिनीनें ‘ऊन’ या अर्थाच्या शब्दांशीं तृतीयान्त पदाचा समास सांगितला आहे, आणि त्याचें उदाहरण आपल्या घरांतील लहान मूलही रोज उच्चारतें. एकोणीस म्हणजे एकोनविंशति, एकानें उणे वीस. त्यांतील ‘एकानें’ हाच इंग्रजांचा ‘बाय वन’ !

उदाहरणार्थ, आपल्या देशांतील पारशी समाजाची गणना घ्या. २००१ च्या जनगणनेंत ती ६९,६०१ होती, २०११ च्या जनगणनेंत ५७,२६४ भरली. इंग्रजींत हें दोन प्रकारें सांगतां येईल. ‘द नंबर फेल फ्रॉम ६९,६०१ टू ५७,२६४’ असें म्हटल्यास आरंभ व शेवट कळतो. ‘द नंबर फेल बाय १२,३३७’ असें म्हटल्यास माप कळतें. क्रियापदाऐवजीं नाम योजावयाचें असल्यास अव्ययें बदलतात : ‘अ फॉल ऑफ १२,३३७ इन द नंबर’. येथें ‘ऑफ’ माप सांगतो व ‘इन’ ज्यांत घट झाली ती वस्तु सांगतो. मुलें पुष्कळदां या दोहोंची अदलाबदल करितात, ती होऊं देऊं नये.

‘बाय’ व ‘टू’ यांचा घोंटाळा रुजतो तो निम्म्याच्या हिशेबामुळें. शंभराचे पन्नास झाले, तर ‘बाय हाफ’ म्हणा कीं ‘टू हाफ’ म्हणा, उत्तर एकच येतें. मग दोन्ही शब्द सारखेच, असा समज होतो. परंतु नव्वदाची तिसऱ्या हिश्श्यानें घट झाली तर साठ उरतात आणि नव्वद तिसऱ्या हिश्श्यावर आले तर तीस उरतात. हा भेद केवळ पंतोजींच्या लाल शाईचा नव्हे. समजा, एखादें औषध रोज २० मिलिग्राम चालूं आहे व चिठ्ठींत ‘रिड्यूस बाय ५’ असें लिहिलें आहे. वाचणारानें तें ‘टू ५’ असें घेतलें, तर पंधराच्या जागीं पांचच पोटांत जातील. स्टेरॉइड जातीचीं औषधें दीर्घकाळ घेतलेलीं असतांना एकाएकीं कमी केल्यास शरीरास गंभीर अपाय होऊं शकतो. म्हणूनच तीं पायरीपायरीनें उतरवितात. अशा वेळीं ‘किती कमी करूं ?’ असें न विचारतां ‘आतां रोज किती घ्यावयाचें ?’ असें विचारून आंकडा लिहून घ्यावा, हें उत्तम.

याहून सूक्ष्म सांपळा शेंकडेवारीचा आहे. ठेवीवरील व्याज शेंकडा ८ होतें तें ६ झालें. आपण म्हणतों, ‘दोन टक्क्यांनीं उतरलें’. इंग्रजींत मात्र ‘बाय टू पर्सेंट’ याचा काटेकोर अर्थ आठाच्या शेंकडा दोन इतकें, म्हणजे नवा दर ७.८४. प्रत्यक्षांत जें घडलें त्यास ‘टू पर्सेंटेज पॉइंट्स’ असें म्हणावें लागतें. आणि लाख रुपयांच्या ठेवीवर ज्या वृद्धास वर्षाचे आठ हजार मिळत होते त्यास सहाच मिळूं लागले, म्हणजे त्याचें उत्पन्न शेंकडा पंचवीस घटलें. ‘दोन’ हा शब्द ऐकून घर स्वस्थ बसतें. पंचवीस ऐकतें तर खर्चाची आंखणी बदलतें. पेढीवाले लोक हा घोंटाळा टाळण्यासाठीं ‘बेसिस पॉइंट’ म्हणजे एका टक्क्याचा शंभरावा अंश योजितात. रिझर्व्ह बँकेनें फेब्रुवारी २०२५ मध्यें रेपो दर ६.५० वरून ६.२५ वर आणला, ती घट २५ बेसिस पॉइंटांची होय.

दर घटला म्हणजे वस्तु घटली असेंही नाहीं. १९९१ ते २००१ या दशकांत भारताची लोकसंख्या शेंकडा सुमारें २१.५ वाढली, पुढील दशकांत १७.७. यावरून ‘पॉप्युलेशन डिक्लाइन्ड’ असें लिहिणें सर्वस्वीं चूक. घटला तो ‘रेट ऑफ ग्रोथ’. लोकसंख्या स्वतः उतरली ती १९११ ते १९२१ या दशकांत. १९१८ च्या इन्फ्लुएंझानें तेव्हां देशभर हाहाकार उडविला होता.

आतां काळाविषयीं. आपला ‘पासून’ हा शब्द मोठा उदार आहे. तो स्थळासही चालतो व काळासही. त्यामुळें ‘२००१ पासून संख्या घटत आहे’ याचें भाषांतर आपलीं मुलें ‘इज डिक्रीझिंग फ्रॉम २००१’ असें करितात. इंग्रजी कानास तें खटकतें. आरंभाचा क्षण भूतकाळीं असून क्रिया आजवर चालूं असेल, तर ‘हॅज बीन डिक्रीझिंग सिन्स २००१’ असेंच हवें. मुदत सांगावयाची असल्यास ‘सिन्स’ नव्हे, ‘फॉर’ : ‘फॉर ट्वेंटी यिअर्स’. उलटपक्षीं, काळाचीं दोन्ही टोकें मागें पडलीं असतील, तर साधा भूतकाळ : ‘बिट्वीन २००१ अँड २०११ द नंबर फेल’. तेथें ‘हॅज फॉलन’ चालत नाहीं.

क्रियापदांचीही जात ओळखावी. ‘रिड्यूस’ हें मुख्यत्वें सकर्मक. कोणीतरी कमी करितो तेव्हां तें शोभतें. ‘द प्राइस रिड्यूस्ड’ असें न म्हणतां ‘द प्राइस फेल’ किंवा ‘वॉज रिड्यूस्ड’ असें म्हणावें. ‘डिक्लाइन’ हळूहळू होतें, ‘ड्रॉप’ एकदम होतें, आणि ‘ड्विंडल’ म्हणजे झिजत झिजत थोडकें उरणें. ‘तिप्पट कमी’ या आपल्या बोलीवरून ‘थ्री टाइम्स लेस’ लिहूं नये; ‘वन थर्ड’ उरलें असें लिहिल्यानें शंकेस जागा राहत नाहीं.

सारांश, घटीचें वाक्य लिहिण्यापूर्वीं चार प्रश्न मनाशीं विचारावे : कोठून, कोठवर, कितीनें आणि केव्हांपासून. चारांचीं उत्तरें हातीं असलीं, तर योग्य अव्यय कोणतें तें ठरविणें कठीण नाहीं. आणि वाचतांनाही हेच चार प्रश्न कामीं येतात. एकत्र कुटुंबांत पत्र एकजण वाचतो व त्याच्या शब्दावर सारें घर विसंबतें. तेव्हां वाचणारानें शेवटचा आंकडा आधीं शोधावा, मग घट किती तें मोठ्यानें सांगावें. आणि घरांतील मुलांस हा अभ्यास परीक्षेच्या कोष्टकांवर न करवितां घरच्याच पासबुकावर करवावा, अशी आमची सूचना आहे.