सांधेदुखी आणि शेतावरील रोजगार

खरिपाची खुरपणी सुरू झाली म्हणजे मजुरांच्या टोळ्या सकाळीच शिवाराकडे निघतात. गेल्या वर्षापर्यंत टोळीत असलेली एखादी चाळिशी-पन्नाशीची बाई यंदा दिसत नाही. चौकशी केली असता “गुडघे धरलेत, बसवत नाही” एवढेच उत्तर मिळते आणि विषय तेथेच संपतो. ती बाई अंथरुणाला खिळलेली नसते. घरातील भाकरी, पाणी, गुरांचे शेण-वैरण हे सर्व ती करीतच असते. बंद झालेली असते ती फक्त तिची मजुरी. ती दवाखान्याच्या नोंदीत रुग्ण म्हणून नसते आणि पंचायतीच्या दप्तरात बेकार म्हणूनही नसते. म्हणूनच तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

हा प्रश्न एखाद-दुसऱ्या घरापुरता नाही. पुणे जिल्ह्यातील भिगवण गावी 1996 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने आखलेल्या पद्धतीनुसार घरोघर पाहणी करण्यात आली. सांधेरोगतज्ज्ञ डॉ. अरविंद चोपडा ह्यांच्या मार्गदर्शनाखाली झालेल्या ह्या पाहणीत चार हजारांहून अधिक प्रौढ स्त्री-पुरुषांची विचारपूस झाली. त्यांपैकी शेकडा 18 जणांना सांधे, स्नायू किंवा पाठीचे दुखणे असल्याचे आढळले. उजनी जलाशयाच्या काठचे हे गाव इतर गावांहून फारसे वेगळे नाही. आपल्या गावी असे किती लोक असतील, ह्याचा अंदाज प्रत्येक कार्यकर्त्याने ह्यावरून करावा.

दुखणे कोणते, हे आधी ओळखावे

गावात सर्वच सांधेदुखीला ‘वात’ असे एकच नाव आहे. उपाय मात्र एकच नसतो, म्हणून कार्यकर्त्याने दोन मुख्य प्रकारांतील फरक समजून घेणे अगत्याचे आहे.

पहिला प्रकार सांध्यांच्या झिजेचा. हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत कूर्चा झिजते आणि गुडघा उठता-बसता दुखू लागतो. वय, वाढलेले वजन, जुनी दुखापत आणि वर्षानुवर्षे उकिडवे बसून किंवा ओझे वाहून केलेले काम ही ह्याची कारणे होत. दुसरा प्रकार आमवाताचा. ह्यात शरीराची स्वतःची संरक्षक शक्तीच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. बहुधा दोन्ही हातांची बोटे व मनगटे एकदमच सुजतात, थकवा येतो, आणि हा रोग तिशी-चाळिशीतही जडतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो दुपटी-तिपटीने अधिक आढळतो. ह्यांखेरीज चिकुनगुन्या तापानंतर सांधे महिनोन्‌महिने दुखत राहतात, हा अनुभव 2006 च्या साथीपासून महाराष्ट्रातील अनेक गावांना आहे.

हे प्रकार ओळखण्यास डॉक्टर हवाच. परंतु कोणाला तातडीने डॉक्टरकडे धाडावे हे एका साध्या प्रश्नावरून कळू शकते. “सकाळी उठल्यावर अंग मोकळे व्हायला किती वेळ लागतो?” असे विचारावे. झिजेच्या दुखण्यात सांधे थोड्या हालचालीने, अर्ध्या तासाच्या आत, मोकळे होतात. तासभर गेला तरी मुठी वळत नसतील आणि बोटांच्या सांध्यांना सूज असेल, तर आमवाताचा संशय धरावा व रुग्णास जिल्हा रुग्णालयात पाठवावे. येथे उशीर महाग पडतो. आमवातावर आज परिणामकारक औषधे आहेत. ती पहिल्या काही महिन्यांत सुरू झाली तर सांधे वाकडे होण्याचे पुष्कळ अंशी टळते व माणूस कामावर टिकतो. एकदा वाकडी झालेली बोटे गोळ्यांनी सरळ होत नाहीत.

औषधांबाबत दोन सूचना देणे अवश्य आहे. आमवातासाठी बहुधा दिली जाणारी मेथोट्रेक्सेट ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यावयाची असते; चुकून रोज घेतल्यास ती जिवावर बेतू शकते. जिचा वार चुकण्याचा संभव असेल तिला ‘बाजाराच्या दिवशी गोळी’ अशी खूण बांधून द्यावी. ठराविक मुदतीने रक्त तपासून घ्यावे लागते, आणि मूल होऊ द्यावयाचे असेल तर आधी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे, हेही तिला सांगावे. दुसरी सूचना बाजारात मिळणाऱ्या निनावी पुड्यांविषयी. एका पुडीने दुखणे जादूसारखे थांबत असेल, तर तीत स्टेरॉइड मिसळलेले असण्याचा दाट संभव असतो. अशा पुड्यांनी पुढे हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते. आणि बरेच दिवस घेतलेली पुडी एकाएकी सोडणेही धोक्याचे असते. म्हणून ती पुडी डॉक्टरांना दाखवावयास सोबत न्यावी. साध्या वेदनाशामक गोळ्याही रोज घेतल्यास जठर व मूत्रपिंड बिघडते. ऊसतोडीला गेलेल्या जोडप्याने उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत कोयता खाली ठेवता येत नाही, आणि मग फडातील दिवस गोळ्यांवर निभावले जातात. हे चित्र कार्यकर्त्यांच्या परिचयाचे आहे.

“दुखते तर हालचालच करू नये” हा समज मात्र चुकीचा आहे. झिजलेल्या गुडघ्याला मांडीच्या बळकट स्नायूंचा आधार लागतो. बाजेवर बसून एक पाय सरळ करावा, पाच अंक मोजेपर्यंत ताठ धरावा आणि खाली ठेवावा. असे दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ करावे. शरीराचे वजन एक किलोने कमी झाले तर चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. काठी वापरावयाची तर ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध बाजूच्या हातात धरावी. गावात बहुतेक जण ती उलट धरतात.

कामाची बैठक बदलावी

शेतावरील दुखण्याचे मूळ पुष्कळदा कामात नसून कामाच्या बैठकीत असते. खुरपणी, कांद्याची लागण, मिरचीची तोडणी, धार काढणे ही सर्व कामे उकिडवे बसून किंवा कंबरेत वाकून होतात. पूर्ण वाकलेल्या गुडघ्यावर सर्वांत अधिक दाब पडतो. बैठक बदलली तर तोच माणूस तेच काम करू शकतो.

सायकल कोळपे आता बहुतेक तालुक्यांत गावच्या लोहाराकडेही तयार मिळते. उभ्याने चालत दोन ओळींमधील तण त्याने निघते. ह्यासाठी पेरणी सरळ ओळीत व पुरेसे अंतर ठेवून झालेली असली पाहिजे. म्हणजे आषाढात कोणाला उकिडवे बसावे लागेल हे मृगातच ठरते. ओळीतील, रोपालगतचे तण मात्र खुरप्यानेच काढावे लागते. तेवढे काम दुसऱ्याकडे द्यावे. शिवाय हे कोळपे गुडघ्याच्या रोग्यास सोयीचे असले तरी मनगटे व बोटे सुजलेल्या स्त्रीस ते रेटणे जड जाते. दुखणारा सांधा कोणता, हे पाहूनच अवजार द्यावे. कापसाची वेचणी उभ्याने होते, म्हणून ती गुडघे दुखणारीस जमेल. बोटे दुखणारीस जमणार नाही.

कापणीसाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेला दातेरी ‘वैभव’ विळा वजनाने हलका असून त्याला वारंवार धार लावावी लागत नाही. हाताच्या सांध्यांना त्याने आराम पडतो. कोणत्याही विळ्या-खुरप्याची मूठ जाड केली तर ती धरण्यास बोटांना कमी जोर लागतो. ह्यासाठी पैसा लागत नाही. सायकलची जुनी ट्यूब किंवा सुती चिंधी मुठीवर गुंडाळावी, आणि मूठ आवळली असता बोटांची टोके तळव्याला टेकणार नाहीत इतपत ती जाड ठेवावी.

धार काढण्यासाठी वीतभर उंचीची का होईना, पण बैठक घ्यावी. अंगठा दुमडून धार काढण्याची पद्धत सडांना इजा करते, तशीच ती अंगठ्याचा सांधाही झिजवते. पूर्ण मुठीने धार काढणे जनावरास व माणसास दोघांनाही हितकर आहे. रोपवाटिकेत पिशव्या भरण्याचे काम जमिनीवर बसून करण्याची काहीच गरज नसते. कंबरेइतक्या उंचीची एक फळी मांडली की ते उभ्याने किंवा बाकावर बसून होते. ओझे मात्र विभागूनच न्यावे. पाठीवर एक मोठे पोते टाकण्यापेक्षा हातगाडीवर दोन खेपा बऱ्या.

उक्त्या कामाची अडचण

येथवर सांगितलेले सर्व उपाय घरच्या शेतीत सहज करता येतात. खरी अडचण मजुरीच्या, त्यातही उक्त्या कामाची आहे. एकराचा दर ठरवून टोळी काम घेते आणि पैसे समान वाटून घेते. अशा टोळीत एक हात मंद चालला तर सर्वांचीच मिळकत घटते. म्हणून दुखणाऱ्या बाईला मालक काढत नाही, मुकादमही काढत नाही. तिच्या मैत्रिणीच तिला “उद्या येऊ नको” असे सांगतात. त्यांना दोष देणे सोपे आहे, परंतु त्यांच्याही घरी चूल पेटावयाची असते.

ह्यावर उपाय टोळीच्या आतच शोधावा लागतो. कांद्याच्या लागणीत रोपे उपटणे, निवडणे, जुड्या बांधणे व सरीवर पोहोचविणे ही कामे लावणाऱ्याइतकीच आवश्यक असतात, आणि ती करण्यात लावणाऱ्या बायांचा बराच वेळ जातो. निवडण्याचे व जुड्या बांधण्याचे काम बांधावर बाकड्यावर बसून एकीने केले, तर इतरांना वारंवार उठावे लागत नाही. काढणीनंतर कांद्याची प्रतवारी, बियाणे निवडणे, मापे व हिशेब ठेवणे हीही अशीच कामे आहेत. टोळीने आरंभीच ही वाटणी ठरवावी आणि वाटाही त्याच वेळी बोलून घ्यावा. नंतर दिलेला वाटा उपकार ठरतो. आधी ठरलेला वाटा मजुरी ठरते. ज्या गावात इर्जिकीची रीत अजून टिकून आहे, तेथे ही गोष्ट पटवून देण्यास फार बोलावे लागू नये.

रोजंदारीच्या कामात वेळेची सवलत पुरते. आमवाताच्या रोग्याचे हात सकाळी चालत नाहीत, दुपारी चालतात. तिने तासभर उशिरा येऊन सायंकाळी तेवढेच अधिक काम केले तर शेतमालकाचे काही जात नाही. सवलत म्हणून मजुरी कमी करण्याची प्रथा मात्र पडू देऊ नये. तसेच जाणत्या शेतकऱ्यास केवळ राखणीला बसविणे हीही मदत नव्हे. तीस वर्षे तिफण धरलेल्या माणसास वाफसा कळतो, आणि ते ज्ञान त्याच्या गुडघ्यात नसते.

एक गोष्ट कोणी उघड बोलत नाही, म्हणून येथे सांगितली पाहिजे. गुडघे वाकत नसलेल्या स्त्रीस शेतावर लघवीला बसता येत नाही. ती सकाळपासून पाणी पीत नाही आणि अखेरीस कामावर जाणेच सोडते. मध्ये भोक पाडलेली लाकडी खुर्ची आणि भोवती साडीचा आडोसा एवढ्यानेही तिचा रोजगार वाचतो. घरच्या शौचालयातही अशीच खुर्ची ठेवता येते. महिला कार्यकर्तीनेच हा विषय काढावा.

कायद्याचा आधार

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांसंबंधी 2016 च्या कायद्यात हालचालीच्या अपंगत्वाचा समावेश आहे. सांधे जखडून 40 टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व आल्याचे शासकीय रुग्णालयाने प्रमाणित केले, तर त्या कायद्यातील विशेष लाभ मिळू शकतात. प्रत्येक सांधेदुखी ह्यात बसत नाही. तशी आशा कोणास लावू नये. ग्रामपंचायतींनी स्वतःच्या उत्पन्नाचा 5 टक्के भाग दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्चावा, असा राज्य शासनाचा आदेश आहे. ही रक्कम पुष्कळ ठिकाणी वर्षअखेरीस घाईने वाटून टाकली जाते. प्रमाणपत्रधारकांना त्यांच्या सांध्यास मानवेल असे कोळपे, बैठक किंवा हातगाडी तीतून देण्याचा ठराव ग्रामसभेपुढे मांडता येईल.

ह्यासाठी मृग निघण्यापूर्वी, वैशाखातच, कार्यकर्त्याने गावातील अशा लोकांची यादी करावी. नावापुढे तीनच रकाने असावेत : कोणता सांधा दुखतो, सकाळी मोकळा व्हायला किती वेळ लागतो, आणि गेल्या हंगामात कोणते काम सोडावे लागले. दुसऱ्या रकान्यात ‘तासाहून अधिक’ अशी नोंद असेल ती नावे त्याच आठवड्यात आरोग्यसेविकेकडे द्यावीत. उरलेली यादी घेऊन लोहार, मुकादम आणि टोळ्यांच्या म्होरक्या बायका ह्यांच्यासमवेत एक बैठक घ्यावी; ती शक्यतो बाजाराच्या आदल्या संध्याकाळी ठेवावी, कारण त्या वेळी सर्व जण गावात असतात.