बारीक बाळ, चुकलेली तारीख

उपकेंद्रात गरोदर बाईला विचारला जाणारा पहिला प्रश्न सगळ्यात अवघड असतो. शेवटची पाळी कधी आली होती? ‘गणपती बसायच्या दोन-चार दिवस आधी,’ किंवा ‘भाताची काढणी चालली होती तेव्हा,’ अशी उत्तरं येतात आणि सिस्टर त्यातून एक तारीख काढून कार्डावर लिहितात. पुणे–सातारा महामार्गालगतच्या कामथडीतली बाई आणि वेल्ह्याच्या डोंगरातल्या वाडीवरची बाई यांच्या सोनोग्राफीपर्यंतच्या वाटेत पुष्कळ फरक पडतो, पण या तारखेच्या बाबतीत दोघी एकाच नावेत. तारीख तीन आठवड्यांनी चुकली, तर बत्तीस आठवड्यांचं ठणठणीत बाळ पस्तीस आठवड्यांचं खुरटलेलं बाळ ठरतं. उलटही होतं, आणि ते जास्त धोक्याचं.

हीच अडचण पुणे जिल्ह्यातल्याच एका अभ्यासाने मुळापासून सोडवली होती. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि डॉ. कुरुस कोयाजी यांनी इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या डॉ. कॅरोलिन फॉल यांच्यासोबत, नव्वदच्या दशकात, सहा गावांतल्या बायकांची पाहणी सुरू केली. गंमत अशी की सुरुवात गरोदरपणापासून नव्हतीच. दिवस राहण्याआधीपासून बायकांची मापं घेतली जात आणि कार्यकर्त्या महिन्याच्या महिन्याला घरी जाऊन पाळीची तारीख लिहून आणत. दोन पाळ्या चुकल्या की ती बाई सोनोग्राफीला. आधुनिक यंत्राच्या मागे वहीतली ही नोंद नसती, तर पुढचे आकडे कवडीमोल ठरले असते.

त्या आकड्यांनी काय दाखवलं? या आया सरासरी 42 किलो वजनाच्या होत्या आणि त्यांची पूर्ण दिवसांची बाळं सरासरी 2.7 किलोच्या आसपास. साउदॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोची. पण सोनोग्राफीतज्ज्ञ डॉ. अरुण किणरे आणि सहकाऱ्यांनी गर्भाची मापं युरोपातल्या मापांशी ताडून पाहिली, तेव्हा फरक शेवटच्या महिन्यांत पडत नसून अठराव्या आठवड्यातच दिसत होता. मांडीचं हाड आणि डोक्याचा घेर फारसा मागे नव्हता. पोटाचा घेर मात्र बराच कमी. पंधरा ते अठरा आठवड्यांत मोजलेला वारेचा आकारसुद्धा आईच्या गरोदरपणाआधीच्या वजनाशी आणि बाळाच्या जन्मवजनाशी जोडलेला निघाला. म्हणजे ‘सातव्या महिन्यात नीट खाल्लं नाहीस म्हणून’ हा सासूबाईंचा आरोप निदान अपुरा तरी आहे.

पोटाचाच घेर का? त्या पातळीवर गर्भाचं यकृत असतं आणि यकृत साखरेचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात ठेवतं. वारेतून रसद कमी पडली की हा साठा वापरला जातो, यकृत लहान राहतं. मेंदूकडचं रक्त मात्र बाळ शेवटपर्यंत सांभाळतं. डॉप्लर सोनोग्राफीत नाळेतल्या रक्तप्रवाहाला अडथळा दिसणं आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या सैलावलेल्या दिसणं, ही जोडी म्हणूनच डॉक्टरांना घाबरवते. नुसतं बारीक असणं वेगळं, वाढ खुंटणं वेगळं. एका सोनोग्राफीवरून हा फरक कळत नाही. शिवाय यंत्राने काढलेलं वजन दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे असू शकतं. म्हणून निदान दोन आठवड्यांच्या अंतराने पुन्हा मोजायचं असतं. आठवड्याने बोलावून ‘वाढलंच नाही’ म्हणणं हा यंत्राच्या चुकीलाच निदान समजण्याचा प्रकार.

सोनोग्राफी रुळण्याआधी डॉक्टर हार्मोनवर विसंबत. इस्ट्रिऑल नावाचं हार्मोन मोठं चलाख: त्याचा कच्चा माल बाळाच्या मूत्रपिंडावरच्या ग्रंथी बनवतात, बाळाचं यकृत त्यावर एक संस्कार करतं आणि शेवटचा हात वार फिरवते. ते आईच्या लघवीत उतरतं. भागीदारीतला कोणी आजारी पडला की आकडा घसरणार, असा हिशेब. गरोदर बाया चोवीस तासांची लघवी बरणीत साठवून आणत. हिशेब सुरेख होता, पण आकडा रोजच्या रोज इतका हेलकावे खाई की खऱ्या घसरणीची खात्री पटेपर्यंत वेळ निघून जाई. सत्तरच्या दशकात नियंत्रित चाचणीत या हार्मोनचे आकडे डॉक्टरांना कळवून पाहिले, बाळांच्या जिवाला फायदा झाला नाही आणि ही तपासणी मागे पडली. आता रक्तातलं पीएलजीएफ हे वारेचं प्रथिन मोजतात, तेही मुख्यतः आईच्या रक्तदाबाच्या आजारासाठी. वाढ ओळखण्याचं काम अजून सोनोग्राफीचंच.

मग मोजलेलं माप कुठल्या आलेखावर ठेवायचं? युरोपच्या आलेखावर पुणे जिल्ह्यातली कितीतरी बाळं खुरटी ठरतील. आपला वेगळा आलेख केला, तर आईच्या उपासमारीलाच आपण ‘नॉर्मल’ म्हणू. इंटरग्रोथ-21 या आठ देशांतल्या अभ्यासात भारतातून नागपूर होतं. तिथे निवडल्या त्या निरोगी, खाऊनपिऊन सुखी आया, आणि त्यांच्या गर्भांची वाढ बाकी देशांच्या जवळ निघाली. मला ही बाजू पटते: मापदंड खाली आणू नये. पण 42 किलोच्या आईचं प्रत्येक बारीक बाळ धोक्यात आहे असं समजून सिझेरियनची घाई करणंही तितकंच चूक.

भोर-वेल्ह्यात यंत्र सहसा डोंगरावर जात नाही, बाईलाच खाली यावं लागतं; यामागे कायदाही आहे. गर्भलिंग निदान रोखणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने 1988 साली केला. पुढे केंद्राच्या कायद्याने यंत्राची नोंदणी, जागा आणि दर तपासणीचा फॉर्म बांधून टाकला. मुलींच्या कत्तलीचा इतिहास पाहता ते हवंच. त्यामुळे मधल्या काळात आशाताई आणि सिस्टर यांच्याकडे टेप उरते. चोविसाव्या आठवड्यानंतर जघनास्थीपासून गर्भाशयाच्या माथ्यापर्यंतची सेंटिमीटर साधारण आठवड्यांइतकी भरतात. दोन भेटींत टेप जागची हलली नाही, तर बाईला सोनोग्राफीला धाडायचं.

एकच सोनोग्राफी परवडणार असेल, तर बहुतेक घरांत ती ‘बाळ नीट दिसावं’ म्हणून उशिरा काढतात. खरं तर अकरा ते तेरा आठवड्यांत बाळाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजली, तर दिवस आठवडाभराच्या आतबाहेर अचूक कळतात. वारेच्या दुखण्याचा धोका असलेल्या बाईला कमी मात्रेची ॲस्पिरिनही सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू व्हावी लागते. खुंटलेली वाढ पुन्हा सुरू करणारं औषध मात्र नाही. उशिरा सापडलेल्या बाळासाठी डॉक्टरांच्या हातात प्रसूतीचा दिवस ठरवणं तेवढं असतं, आणि नवजात बाळांचा कक्ष असलेल्या रुग्णालयात ती व्हावी एवढी तजवीज.