थ्रीडी प्रिंटिंग : रॉकेटचे इंजिन छापता येते, बादली परवडत नाही

पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्यातील ‘पीएस-४’ इंजिन थ्रीडी प्रिंटिंगने घडवून इस्रोने ९ मे २०२४ रोजी महेंद्रगिरी येथे ६६५ सेकंद यशस्वीपणे चालवून पाहिले. पूर्वी १४ भाग जोडून होणारे हे इंजिन एकसंध झाले आणि वेल्डिंगचे १९ सांधे टळले. त्याहून बोलका आकडा कच्च्या मालाचा आहे. जुन्या पद्धतीत एका इंजिनासाठी ५६५ किलो धातू लागे, येथे १३.७ किलो भुकटीत काम भागले.

ही बचत पद्धतीतच आहे. लेथ किंवा मिलिंग यंत्रावर ठोकळ्यातील नको तो धातू कोरून काढला जातो आणि त्याचा चुरा होतो. थ्रीडी प्रिंटिंगमध्ये भुकटीचा पातळ थर पसरून हवा तेवढाच भाग लेसरने वितळवला जातो, मग त्यावर पुढचा थर. त्यामुळे हत्यार पोचू शकणार नाही अशा आतल्या वाटाही घडविता येतात.

जेथे प्रत्येक वस्तू वेगळी, तेथेही हे तंत्र उपयोगी पडते. कानाच्या मापाने बनणाऱ्या श्रवणयंत्रांची कवचे आज बहुतांशी अशीच तयार होतात.

मात्र ‘छपाई’ हा शब्द फसवा आहे. वृत्तपत्राच्या लाख प्रती काढल्या की प्रत स्वस्त पडते. येथे पहिल्या आणि हजाराव्या नगाचा खर्च जवळपास सारखाच. प्लास्टिकच्या बादलीचा साचा महाग असतो खरा, पण एकदा तो तयार झाला की बादली मिनिटाच्या आत बाहेर पडते. प्रिंटरला तिच्यासाठी कित्येक तास लागतील. घराघरातल्या वस्तू स्वस्तात छापल्या जातील, हे भाकीत या हिशेबापुढे टिकत नाही.

दुसरी अडचण अधिक गंभीर, कारण ती डोळ्यांना दिसत नाही. थरांमध्ये सूक्ष्म पोकळी राहू शकते, उष्णतेमुळे धातूत ताण साठतो, पृष्ठभाग खरबरीत राहतो. वारंवार भार पडणाऱ्या भागात अशाच ठिकाणाहून तडा जातो. म्हणून विमानाचा किंवा शरीरात बसवायचा भाग छापून झाला तरी काम संपत नाही. तो तापवून ताण काढणे, आधार कापणे, यंत्रावर अचूक मापाला आणणे आणि क्ष-किरणांनी तपासणे, हा खर्च पुढे असतोच.

अमेरिकेतील ‘रिलेटिव्हिटी स्पेस’ने बहुतांशी छापलेले ‘टेरान-१’ रॉकेट मार्च २०२३ मध्ये उडविले. हवेचा कमाल दाब त्याने सोसला, पण दुसऱ्या टप्प्यात बिघाड होऊन ते कक्षेत पोचले नाही. हा दोष छपाईच्या माथी मारता येणार नाही. तरीही कंपनीने पुढच्याच महिन्यात ते रॉकेट गुंडाळले आणि त्याहून मोठ्या ‘टेरान-आर’चे सरळ नळकांडे छापण्याऐवजी ॲल्युमिनियमच्या पत्र्यांपासून करण्याचे ठरविले. इंजिने छापण्याचे काम मात्र सोडले नाही.