धूर थांबल्यानंतरची शेगडी

मंडळी, घरच्या बार्बेक्यूच्या सुरक्षिततेचा विषय निघाला की सगळ्यांना आधी भडका आठवतो. भडका वाईटच, पण तो दिसतो आणि माणूस आपोआप मागे सरतो. आम्हाला आज जास्त बोलायचंय ते जेवणं उरकल्यानंतरच्या शेगडीबद्दल. ज्वाळा नाही, धूर नाही, निखाऱ्यांवर राखेचा पांढरा थर. थंडीच्या दिवसांत फार्महाऊसवर किंवा पवना धरणाच्या काठी तंबूत मुक्काम असला की कुणाला तरी वाटतं, एवढी धग वाया कशाला घालवायची? मग शेगडी आत येते आणि दार लागतं.

आता आत काय घडतं ते बघू. लोणारी कोळसा म्हणजे बहुतांशी कार्बन. निखाऱ्यांच्या ढिगात खोलवर हवा कमी पडते. तिथे तयार झालेला कार्बन डायऑक्साइड लाल कोळशावरून जाताना त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो. शेगडी जोरात असते तेव्हा यातला बराचसा वायू वर येऊन जळून जातो. कोळशावर नाचणारी निळसर ज्योत तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल, ती हीच. ज्योत बसली की हा वायू न जळता तसाच बाहेर पडतो. म्हणजे ‘धूर थांबला, आता काळजी नाही’ हा आपला हिशेब इथे साफ चुकतो.

या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं, झोप येते. पार्टीनंतर ही लक्षणं कुणाला वेगळी वाटणार? कोरोनाच्या काळात घरोघरी आलेला ऑक्सिमीटर बोटाला लावाल तर तोही फसवतो, कारण साध्या ऑक्सिमीटरला ऑक्सिजन चिकटलेलं आणि हा वायू चिकटलेलं हिमोग्लोबिन यांतला फरक कळत नाही. आकडा ९८ दिसतो आणि माणूस गुदमरत असतो. खिडकी थोडी उघडी ठेवणं हा यावरचा उपाय नाही.

असा संशय आला तर आधी सगळ्यांना मोकळ्या हवेत आणा, मग १०८ ला फोन करा आणि ‘खोलीत कोळशाची शेगडी होती’ हे आवर्जून सांगा. ते वाक्य महत्त्वाचं आहे. साध्या हवेत रक्तातला निम्मा वायू जायला ४ ते ५ तास लागतात. मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण तास-दीड तास.

गॅसच्या ग्रिलचं गणित वेगळं. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो. म्हणून सिलिंडर तळघरात किंवा खोलगट जागी नको. जोडणीला साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले तर गळती आहे. काडी ओढून तपासणारे महाभाग अजून आहेत! आणि पेटवताना ग्रिलचं झाकण उघडंच हवं. कोळशावर मात्र पेट्रोल किंवा रॉकेल ओतायचं नाही, अर्धवट पेटलेल्यावर तर मुळीच नाही. चरबी किंवा तेल गळून भडका उडाला तर पाणी नको. झाकण लावा, गॅस बंद करता आला तर करा.

आत्ता एका ताईंनी विचारलं, “फ्लॅटच्या बाल्कनीत चालेल का?” कोळशाची शेगडी, आमच्या मते, नाही. वर स्लॅब, बाजूला वाळत घातलेले कपडे, मागे घराचं दार उघडं. वायू आपल्याच नाही तर वरच्यांच्याही घरात शिरतो. विजेचा ग्रिल वापरा. पनीर टिक्का तव्यावरही होतो, धुराची चव तेवढी येणार नाही. गच्चीवर सोसायटीची परवानगी असेल तर भिंतीपासून आणि मांडवाच्या कापडापासून चांगली लांब मांडा, आणि मुलांना भोवतीच्या ३ फुटांत येऊ देऊ नका.

राहिली राख. शेगडीला झाकण आणि हवेची भोकं असतील तर ती बंद करून रात्रभर बाहेरच ठेवा. राखेखाली निखारा दुसऱ्या दिवशीही जिवंत असू शकतो, त्यामुळे ती प्लॅस्टिकच्या डब्यात किंवा पाचोळ्यावर टाकू नका. झाकणाच्या पत्र्याच्या बादलीत भरा, बादली घराबाहेर फरशीवर ठेवा आणि दोन दिवसांनी कचऱ्यात टाका.